माझ्या गुडघ्याचा आकार मला कळू द्या

कृत्रिम गुडघे बनवणाऱ्या कंपन्या, त्यांच्या चाचण्यांची मानके लिहिणाऱ्या समित्या आणि सांध्याच्या हालचालीचे गणित मांडणारे संशोधक यांस,

सादर नमस्कार.

माझे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. उजवा सहा वर्षांपूर्वी, डावा चार वर्षांपूर्वी. उजव्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तो कृत्रिम आहे हे मी दिवसचे दिवस विसरते. याहून मोठी पावती मी कुणाला देऊ शकणार नाही. डावा मात्र जिना उतरताना रोज आठवण करून देतो. डाव्या पायावर भार घेऊन उजवा पाय खालच्या पायरीकडे सोडला, की डावा गुडघा अर्धा वाकल्यावर एका क्षणी मांडीचे हाड पुढे सटकल्यासारखे होते. दुखत नाही. पण कठड्यावरचा हात सोडायची हिंमत होत नाही.

एक्स-रे उत्तम आहे. भाग जागच्या जागी, सिमेंट घट्ट, कोन बरोबर. माझ्या सर्जनने शस्त्रक्रिया नीट केली याबद्दल मला शंका नाही आणि हे पत्र त्यांच्याविरुद्ध नाही. पण तो एक्स-रे मी स्तब्ध उभी असतानाचा आहे. उभी असताना मला कधीच त्रास नव्हता.

म्हणून एका गतिप्रयोगशाळेतल्या अभ्यासात मी स्वतःहून नाव घातले. तिथे मी चालत्या, म्हणजे सलग हलती चित्रे घेणाऱ्या, एक्स-रेसमोर पायऱ्या उतरले, खुर्चीतून उठले, बसले. पडद्यावर माझ्या गुडघ्यातल्या धातूची काळी सावली पुढेमागे सरकताना मी पाहिली. आता त्या सावलीवरून हाडे अवकाशात नेमकी कुठे होती हे काढायचे होते. त्याची रीत अशी: बसवलेल्या भागाचा अचूक त्रिमितीय आकार संगणकात घ्यायचा आणि त्याची बाह्यरेषा चित्रातल्या सावलीवर तंतोतंत बसेपर्यंत तो फिरवायचा, सरकवायचा. प्रत्येक चित्रासाठी पुन्हा. आकार ठाऊक असेल तर सावली बोलते, नसेल तर ती नुसती सावली.

प्रयोगशाळेने माझा गुडघा बनवणाऱ्या कंपनीकडे त्या आकाराची फाईल मागितली. उत्तर दोन ओळींचे आले: आकार हे व्यापारी गुपित आहे, ते बाहेर देता येत नाही. माझा अभ्यास तिथेच थांबला. ते दोन ओळींचे उत्तर मला मुकाट्याने स्वीकारता येत नाही, म्हणून हे पत्र, आणि ते उघड.

मी एकतीस वर्षे यांत्रिक रेखांकन शिकवले. माप नसलेले रेखाचित्र मी कधी तपासायलाही घेतले नाही. आज माझ्याच हाडात सिमेंटने बसवलेल्या एका यंत्रभागाची मापे मला मिळत नाहीत, आणि तो भाग मी मरेपर्यंत वागवणार आहे.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी थोडे समजावून सांगते, कारण गुडघा म्हणजे दाराची बिजागरी असा समज फार खोल रुजलेला आहे. तो खरा असता तर गुडघ्याच्या हालचालीचे एवढे गणिती मॉडेलिंग लागलेच नसते. वेबर या जर्मन शास्त्रज्ञ बंधूंनी १८३६ साली माणसाच्या चालण्याच्या यंत्रणेवरच्या आपल्या ग्रंथात लिहिले, की गुडघ्यात मांडीचे हाड नडगीच्या हाडावर घरंगळते आणि घसरतेही. दोन्ही एकाच वेळी. शिवाय आतली बाजू आणि बाहेरची बाजू सारखी वागत नाही. गुडघा वाकत जातो तसा मांडीच्या हाडाचा आतला गोलवा जवळजवळ जागेवर राहतो आणि बाहेरचा मागे सरकत जातो. खूप वाकलेल्या गुडघ्यात हे सरकणे सुमारे १५ ते २० मिलिमीटर भरते. म्हणजे वाकता वाकता हाड स्वतःभोवती वळतेही. पाय पूर्ण सरळ होताना शेवटच्या काही अंशांत स्क्रू आवळावा तसा पीळ पडतो, म्हणून आपण स्नायू न थकवता उभे राहू शकतो. हे सगळे घडवून आणतात हाडांचे आकार, हाडांना हाडांशी बांधणारे चार मुख्य अस्थिबंध, मेनिस्कस म्हणजे कूर्चेच्या दोन चंद्रकोरी आणि स्नायूंची ओढ. वर्गात मी चार दांड्यांची कडी (फोर-बार लिंकेज) शिकवत असे, तेव्हा गुडघ्यातल्या एकमेकांना छेदणाऱ्या दोन अस्थिबंधांचे उदाहरण देत असे. ते उदाहरण किती अपुरे आहे हे मला स्वतःचा गुडघा गेल्यावर कळले.

गुडघा बदलताना या मंडळातले बरेच जण काढले जातात. मेनिस्कस जातात. एकमेकांना छेदणाऱ्या त्या दोन अस्थिबंधांतला पुढचा, म्हणजे पुढचा क्रूसबंध, बहुतेक शस्त्रक्रियांत कापला जातो. मागचा काही प्रकारांत ठेवतात, काहींत तोही काढून त्याच्या जागी प्लास्टिकचा एक खुंट आणि धातूची आडवी दांडी त्याचे काम करतात. राहिलेल्या अस्थिबंधांना आता धातू आणि पॉलिथिलीन या प्लास्टिकच्या नव्या आकारांशी जुळवून घ्यावे लागते. १९९० च्या दशकात चालत्या एक्स-रेने कृत्रिम गुडघे पाहायला सुरुवात झाली तेव्हा संशोधकांना अनेक गुडघ्यांत एक विचित्र गोष्ट दिसली: वाकताना मांडीचे हाड मागे जायला हवे तिथे ते पुढे सरकत होते. या उलट्या सरकण्याची नोंद शास्त्रीय साहित्यात तेव्हापासून आहे. मी मात्र चार वर्षे 'तुमच्या मनाचे खेळ असतील' हे ऐकत होते. माझ्या डाव्या गुडघ्यात तेच घडते आहे असा माझा दावा नाही. तेच आहे की नाही हे मोजता आले असते, आणि ते मोजू दिले गेले नाही, एवढेच मी म्हणते.

आता माझ्या तक्रारी. पहिली आणि सर्वांत मोठी हीच गुपिताची.

स्पर्धक नक्कल करतील, असे तुम्ही म्हणता. पण ज्या स्पर्धकाला नक्कल करायची आहे तो तुमचा एक भाग विकत घेतो, टेबलावर ठेवतो आणि स्कॅनरने त्याचा पृष्ठभाग मोजून मोकळा होतो. त्याच्यासाठी तुमची धातूची वस्तू उघडीच आहे. गुपित राहते ते विद्यापीठातल्या प्रयोगशाळेपासून आणि माझ्यापासून, कारण माझा भाग माझ्या हाडात आहे आणि मी तो काढून टेबलावर ठेवू शकत नाही. संशोधक मग शस्त्रक्रियेत बाहेर काढलेले, झिजलेले तुकडे मिळवून उलट बाजूने आकार काढत बसतात. त्यात महिने जातात, आणि झिजलेल्या प्लास्टिकवरून काढलेला आकार नव्या भागाचा नसतो. एका मिलिमीटरची चूक कागदावर काहीच वाटत नाही. पण माझा सगळा प्रश्नच काही मिलिमीटरचा आहे.

उघड केले तर काय होते, याचे उदाहरण तुमच्याच क्षेत्रात आहे. काही रुग्णांनी बल मोजणारे संवेदक बसवलेला कृत्रिम गुडघा शरीरात घेतला. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या गटाने अशा रुग्णांची मोजमापे सर्वांना पाहता येतील अशी ठेवली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाच जणांच्या अभ्यासात सपाटीवर चालताना सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच पटींहून थोडा जास्त भार दिसला, जिना उतरताना जवळजवळ साडेतीन पट. त्याच सुमारास अमेरिकेत बेंजामिन फ्रेग्ली हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी धाडसी गोष्ट केली. एका रुग्णाचे चालणे, स्नायूंचे विद्युतसंकेत, हाडांचे आणि बसवलेल्या भागांचे आकार असे सगळे त्यांनी जगभरच्या गटांना दिले, सांध्यातले मोजलेले बल तेवढे झाकून ठेवले, आणि सांगितले: आधी अंदाज सांगा, मग उत्तर दाखवतो. हे आव्हान वर्षामागून वर्ष चालले. झाकलेल्या उत्तराचे अंदाज आणि उत्तर कळल्यावर सुधारलेले अंदाज यांतला फरक सगळ्यांनी पाहिला. मॉडेल कुठे कच्चे आहे हे त्यातून जितके कळले तितके शंभर स्तुतिपर अहवालांतून कळले नसते. ज्या रुग्णांनी शरीरात यंत्र घेऊन, तारा लावून, पुन्हा पुन्हा चालून दाखवले, त्यांच्यासमोर 'व्यापारी गुपित' हे शब्द मला फार छोटे वाटतात.

दुसरी तक्रार मानक समित्यांकडे आहे. गुडघ्याच्या झिजेच्या चाचणीचे आंतरराष्ट्रीय मानक आहे आयएसओ १४२४३. यंत्रात गुडघा बसवतात, भोवती वासराच्या रक्तद्रवापासून केलेले वंगण असते, आणि सेकंदाला साधारण एक या गतीने ५० लाख पावले चालवतात. हे यंत्र दिवसरात्र न थांबता चालले तरी त्याला सुमारे ५८ दिवस लागतील. मेहनत खरी आहे आणि तिचा उपयोगही झाला आहे. पॉलिथिलीनची झीज आणि त्यातून होणारा हाडांचा ऱ्हास समजायला अशा चाचण्यांनी फार मदत केली. पण त्या ठरावीक पावलात गुडघा किती वाकतो? सुमारे ५८ अंश. ते सपाटीवरचे चालणे आहे.

जिना चढताना गुडघा ८० ते ९० अंश वाकतो. खुर्चीतून उठताना ९० च्या पुढे. उकिडवे बसताना १३० च्या पुढे. गुडघे टेकून कपाटाखालची वस्तू काढणे, खाली बसलेल्या मुलाशेजारी बसून पुन्हा उठणे, गाडीत आत-बाहेर होताना पाय वळवणे, यांतले काहीही त्या पावलात नाही. रुग्ण कोणत्या प्रसंगी तक्रार करतात हे कोणत्याही फिजिओथेरपिस्टला विचारा: जिना, उठणे, वळणे. मी ५० लाख पावले सपाटीवर सुखाने चालेन. माझा प्रश्न बारा पायऱ्यांचा आहे.

झिजेपुरतेही हे पुरेसे नाही. पॉलिथिलीन एकाच रेषेत घासले गेले तर कमी झिजते आणि दिशा बदलत आडवे-उभे घासले गेले तर जास्त, हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणजे झीज सांगायची तर आधी हालचाल खरी सांगावी लागते. एखाद्या माणसात हाड उलटे सरकत असेल तर त्याच्या प्लास्टिकवरची घासणी तुमच्या यंत्रातली घासणी नव्हे.

तिसरी तक्रार संशोधकांकडे. ती जरा जवळच्या माणसाकडे करावी तशी आहे, कारण माझ्या बाजूने कुणी असेल तर तुम्हीच आहात. तुमचे निबंध मी वाचू लागले. शब्दकोश घेऊन वाचले. तुमचे आलेख सुंदर असतात: आडव्या अक्षावर वाकण्याचे अंश, उभ्या अक्षावर पुढे-मागे सरकणे, आणि मधून एक ठाम रेघ. पण दोन निबंधांतल्या रेघा शेजारी ठेवायला गेले तर ठेवताच येत नाहीत. कुणी स्पर्शबिंदू मोजतो, कुणी गोलव्याचा सर्वांत खालचा बिंदू, कुणी गोलव्याचे केंद्र. हाड एकच, हालचाल एकच, आणि तीन रेघा तीन दिशांना. वाकण्याचा अक्ष काही अंशांनी तिरपा धरला तर शुद्ध वाकणेसुद्धा आलेखात पिळासारखे दिसते. रेखांकनाच्या शिक्षिकेला हे सांगावे लागत नाही. संदर्भरेषा तिरपी तर सगळे चित्र तिरपे. ग्रूड आणि सनटे या संशोधकांनी १९८३ साली गुडघ्याच्या हालचाली मांडायची एक सामाईक पद्धत दिली होती. इतक्या वर्षांनंतरही तुमच्या निबंधांत अक्ष कसे घेतले हे शोधायला मला तळटीपांतली अक्षरे भिंगाखाली धरावी लागतात.

आणि ती ठाम रेघ. मॉडेलमध्ये अस्थिबंध म्हणजे एक स्प्रिंग: आधी ढिली, मग हळूहळू आवळत जाणारी, मग ताठ. ही स्प्रिंग नेमक्या कोणत्या लांबीला ढिलेपण सोडते हा एक आकडा असतो. जिवंत माणसाच्या गुडघ्यात तो सरळ मोजता येत नाही, म्हणून तो गृहीत धरतात किंवा रेघ जुळेपर्यंत हलवतात. तो थोड्या टक्क्यांनी बदलला की हालचाल बदलते. स्नायूंचेही तेच. सांध्यावरून जाणारे स्नायू समीकरणांपेक्षा जास्त आहेत, म्हणून कोणत्या स्नायूने किती ओढायचे हे 'शरीर कमीत कमी श्रम घेते' अशा एखाद्या गृहीतकावर सोडावे लागते. ज्याचा गुडघा सटकण्याची भीती आहे तो माणूस कमीत कमी श्रमात चालत नाही. तो सगळे स्नायू आवळून चालतो. मी चालते. अलीकडे पाच गटांनी नैसर्गिक गुडघ्याची एकच माहिती घेऊन आपापली मॉडेले स्वतंत्रपणे रचण्याचा एक प्रामाणिक उपक्रम केला, आणि प्रत्येक गटाचे निर्णय वेगवेगळे निघाले. मॉडेल करण्यात करणाऱ्याची हातोटी किती शिरते हे त्यांनी स्वतःच उघड मांडले. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो. बाकीच्यांनी मात्र रेघ दाखवणे थांबवून पट्टा दाखवावा: आमची गृहीतके इतकी इकडेतिकडे झाली तर उत्तर इथपासून इथपर्यंत.

चौथी गोष्ट थोडक्यात सांगते, पण तीच मला सर्वांत जास्त बोचली. कृत्रिम गुडघ्यांच्या हालचालींच्या कितीतरी अभ्यासांत सहभागी निवडण्याची अट असते ती अशी: शस्त्रक्रिया यशस्वी, वेदना नाही, अस्थिरता नाही, गुणांकन उत्कृष्ट. अटीमागचे कारण मला कळते. आधी चांगला गुडघा कसा चालतो हे पाहायचे असते. पण गुडघा बदललेल्या दर पाच जणांतला साधारण एक जण समाधानी नसतो, असे आढळल्याचे तुमच्याच क्षेत्रातले अभ्यास सांगतात. ज्याच्यासाठी ही सगळी विद्या हवी आहे तोच पाचवा माणूस दारातून परत पाठवला जातो. मॉडेल यशस्वी गुडघ्यांवर जुळवायचे आणि मग अयशस्वी गुडघ्याला सांगायचे, की मॉडेलप्रमाणे तुझ्यात काही दोष नाही.

आणि जाहिरातींतला 'नैसर्गिक हालचाल' हा शब्द. कोणत्या कृतीत, किती रुग्णांत, कोणत्या संदर्भअक्षांनी मोजलेली नैसर्गिक हालचाल, हे शेजारी लिहिता येत नसेल तर तो शब्द काढून टाका.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

कंपन्यांनी, माणसांच्या शरीरात बसवलेल्या प्रत्येक भागाच्या सांध्याकडच्या पृष्ठभागांचे आकार, सर्व मापांसह, बिगरव्यापारी संशोधनासाठी मागणाऱ्याला द्यावेत. करार करून द्या, अटी घालून द्या, पण द्या. ज्या रुग्णाच्या शरीरात तो भाग आहे त्याने लेखी मागितले तर त्याच्या अभ्यासासाठी तो नाकारता येऊ नये. भागाचे नाव आणि माप लिहिलेले कार्ड आम्हाला देता, त्याच कार्डावर ही फाईल कशी मागवायची तेही छापा.

मानक समित्यांनी सपाटीवरच्या चालण्याबरोबर जिना उतरणे, खुर्चीतून उठणे आणि खोल वाकणे या कृती सक्तीच्या चाचणीत घ्याव्यात. त्यासाठी बलांची मोजमापे आज उपलब्ध आहेत. आणि भाग आदर्श जागी बसवूनच चाचणी न घेता, प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत होतो तितका दोन-तीन अंशांचा फरक ठेवूनही घ्यावी.

मॉडेलच्या आधारावर मान्यता मागणाऱ्या प्रत्येकाने ते मॉडेल कशावर पडताळले हे लोकांसमोर ठेवावे. नियम नाहीत असे नाही. अमेरिकेतल्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने २०१८ साली 'व्ही अँड व्ही ४०' हे मानक काढले. मॉडेल कशासाठी वापरायचे आणि ते चुकले तर रुग्णाचे किती नुकसान होईल, त्या प्रमाणात पुरावा हवा, असे ते सांगते. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ मध्ये याच विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या. हा पुरावा कंपनी आणि नियामक यांच्या कपाटांत राहू नये. त्यात निदान एक तरी अंदाज उत्तर झाकून केलेला असावा.

संशोधकांनी प्रत्येक आलेखाखाली अक्ष आणि बिंदू कसे घेतले ते मोठ्या अक्षरांत लिहावे, मूळ आकडे सोबत द्यावेत म्हणजे दुसऱ्याला ते आपल्या अक्षांत बदलून घेता येतील, आणि पुढच्या प्रत्येक अभ्यासात असमाधानी रुग्णांचा एक गट ठेवावा. आम्ही येऊ. आम्हाला वेळ आहे आणि कारणही आहे.

माझी चित्रफीत अजून त्या प्रयोगशाळेत जपून ठेवलेली आहे. कंपनीचे उत्तर बदलले तर त्यांना ती पुन्हा उघडता येईल, असे त्यांनी मला कळवले आहे. ती पुरेशी नसेल तर मी पुन्हा येऊन पायऱ्या उतरून दाखवीन, हव्या तितक्या वेळा. फाईल पाठवा.

आपली,
दोन्ही गुडघे बदललेली एक निवृत्त शिक्षिका